साडूच्या काठ्यांचा आऊट

माझ्या साडूच्या प्रमोशनमागे माझा हात आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

वारंगा फाट्यावर माझं सायकलचं दुकान. वाकड्या चाकाचा आऊट काढावा तर मीच, असं सगळा फाटा म्हणायचा. (बायको सोडून!) तिला कौतुक धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. मिलिंदरावानं फ्रिज घेतला, मिलिंदरावानं मारुती घेतली! लग्नापासून मी हेच ऐकत होतो. माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढेल तर शपथ!

एका दिवाळीला हा पुण्याहून मारुतीतून उतरला, तो गोल्फच्या काठ्यांची पिशवी घेऊनच. "साहेबांसंगं खेळतो," म्हणाला. ही अशी काही हरखली की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"साडभाऊ, सासूबाईंनी दिलेलं तुरीच्या डाळीचं पोतं पडलं आन एक दांडी वाकली. रविवारी मॅच हाय. सरळ व्हईल का?"

"आऊट काढायचा ना? ठिवा इथं!"

शिकंज्यात धरली, डोळ्याला लावली, जरा दाबली. दांडी सुतात! तिथंच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण बाकीच्या काठ्या भिंतीला लावून बघतो तर काय, एकीचंही टोकाचं लोखंडी पातं दुसरीसारखं नाही! एक ताठ, एक कललेलं, एक पार उताणं.

"अगं ये, बघ! तुझ्या मिलिंदरावाला दुकानदारानं कसा फसवलाय!" मला इतका आनंद दिवाळीच्या बोनसनंही झाला नसता. (बोनस मला कोण देणार म्हणा!)

"मंग हसून काहून राहिले? सारख्या करून द्या की!"

दिल्या! कोन बघायचा गुण्या लावला, शिकंज्यात एकेक पातं पिळलं आणि सगळ्या काठ्या एका मापात आणल्या. मिलिंदरावानं घाईत ती एकच दांडी बघितली आणि गेला. बाकीचं मी मुद्दामच सांगितलं नाही. म्हटलं, पुण्यात पिशवी उघडेल आणि गार पडेल!

मॅच झाल्यावर शेजारच्या एसटीडीवर त्याचा फोन आला. मी आणि ही, दोघंही धावलो.

"साडभाऊ, काय केलं हो हे! ती पाती मुद्दाम कमीजास्त असतात. एक चेंडू उंच उडवते, एक लांब नेते. माझा चेंडू कुठल्याबी काठीनं मारला तरी तळ्यात!"

मी हळूच विचारलं, "मंग?"

"मंग काय! साहेब जन्मात पहिल्यांदा जिंकले. असे खूश झाले की मला मॅनेजरच केलं!"

माझ्या हातातला फोन हिनं ओढून घेतला, सगळं ऐकलं आणि बूथवरच्या चार माणसांसमोर ठणकावून म्हणाली, "आमच्या ह्यांच्या हाताला यशच हाय बघा!"

इतक्या वर्षांनी कौतुक झालं, तेही मिलिंदराव मॅनेजर झाला म्हणून! आता तो मारुतीहून मोठ्या गाडीतून येतो. हवा मीच भरतो, फुकट.