सर्जेरावचे तीन दगड

नव्वद सालानंतरची गोष्ट. पनवेलजवळ, पळस्प्याच्या पुढे डोंगराखाली आमच्या पलटणीचा कॅम्प होता. एक्सरसाइजसाठी माथ्यावर वायरलेस पोस्ट उभारायची होती. वर जायला लाकडं आणायची जुनी वाट तेवढी. फोर-व्हील गाडी वर्कशॉपमध्ये होती, म्हणून शोरूममधून निघाला तसा साधा पिकअप मिळाला. रेकीचा हुकूम दोघांना: मी हवालदार आणि ड्रायव्हर लान्स नाईक सर्जेराव, माण तालुक्याचा.

मी पुढे चालत, तो मागून पहिल्या गिअरमध्ये. चेसिस दोनदा खडकाला घासली. शेवटच्या वळणावर मोळी घेऊन उतरणारी ठाकरीण थांबली.

"कडेला जाव नका. खालची माती गेली हाय, वर नुसता गवत हाय."

सर्जेरावने कड पहारीने टोचली. पहार सरळ आत गेली.

"धुक्यात ही दिसायची नाही, साहेब," तो म्हणाला.

त्याने कडेपासून दोन हात आत, पक्क्या जमिनीवर, तीन दगड ठेवले आणि चुना लावला. दगडांच्या आतून जायचं, गाडी सलामत. कॅम्पचे प्रमुख मेजरसाहेब, त्यांना मी हे स्वतः सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग ब्रिगेडियरसाहेबांचं इन्स्पेक्शन आलं. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे हलत नाही ते सगळं रंगवतात. मी वर पोस्टवर होतो, सर्जेराव पनवेलला रेशन आणायला गेला होता. मेजरसाहेबांनी फटीग पार्टीचे जवान अंगमेहनतीला लावून वळणावर दुतर्फा चुन्याचे दगड मांडले. आमचे तीन दगड ओळीच्या आत येत होते. ओळ वाकडी दिसते म्हणून ते सरकवून अगदी कडेला नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. वर पाणी संपलं होतं.

"बेस, पाण्याची गाडी कुठे? ओव्हर."

"सर्जेराव निघालाय. वळणावर असेल. ओव्हर."

थोड्या वेळाने खालून रिकामे डबे गडगडल्यासारखा आवाज आला. मी धावलो. वळणावर कड तुटली होती आणि पिकअप दरीत उलटा पडला होता. तुटलेल्या जागेपर्यंत चाकाची खूण दगडांच्या बरोबर आतून गेली होती. त्याने स्वतःचा नियम पाळला होता.

ब्रिगेडियरसाहेब आलेच नाहीत. पावसाचं कारण कळवलं.

"फॉगमध्ये स्पीड जास्त असणार," मेजरसाहेब म्हणाले.

"दगड कोणी हलवले, सर?"

"हवालदार, जबान सांभाळून."

चौकशीत ड्रायव्हरची चूक ठरली. माझं डोकं तेव्हा फिरलं, ते अजून ताळ्यावर नाही. रांग सरळ दिसावी म्हणून माणूस मारला, आणि वर त्यालाच दोषी ठरवलं.

कॅम्प हलायच्या आधी वळणावर त्याच्या नावाची पाटी लावली. पाटीभोवती गोल दगड मांडले, आणि त्या दगडांनाही चुना. सलामी झाल्यावर मी पुढे झालो आणि ते दगड एकेक करून दरीत फेकले. मेजरसाहेब बघत होते. कोणी अडवलं नाही.

तीन मात्र ठेवले. उरलेल्या कडेपासून दोन हात आत, सर्जेरावने ठेवले होते तसे.