भिंतीवरचा कित्ता

माझ्या सख्याच्या कपाळाला बैलाचं बाशिंग बांधलं, तो दिवस पोळ्याचा होता.

आठ वर्षांचं पोर. मी चुलीपाशी होते. बाहेर गलका झाला म्हणून आले, तर आमच्या भिंतीसमोर माणसं थांबलेली. मारुतीकडे निघालेले बैलही थांबलेले. सगळे भिंतीकडे बोट दाखवून हसत होते. मीही हसले. हो, हसले. खोटं कशाला सांगू? त्या भिंतीवर माझ्या दोन्ही पोरांनी गेरूने अक्षरं काढली होती. गेरू मी स्वतः कालवून दिला होता. मला वाटलं, लोक कौतुक करून राहिले.

मग सख्या दिसला. शाळेतल्या तीन-चार मोठ्या मुलांनी त्याला धरलं होतं. एकाने हात मागे पिरगाळलेले. कपाळाला बैलाचं बाशिंग, गळ्यात घुंगरांची माळ. आणि ती मुलं भिंतीवरचं सुरात वाचत होती.

“आम्ही माळ्याचे बैल. आम्हांस मोट शोभते, पाटी शोभत नाही.”

सख्या हुंदके देत होता. माळ मी ओढली तेव्हा त्याच्या मानेला ओरखडा आला. माझ्याच नखाचा.

ही अक्षरं भिंतीवर आली कशी, ते सांगते. आम्ही जातीचे माळी. अमरावतीच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा. त्या सालांत कापसाचा भाव असा काही चढला होता की लोक येडे झाले होते. जो तो कापूस पेरायचा. वांगी उपटून कापूस, मिरची उपटून कापूस. गावात पालेभाजीची जुडी दिसेना. आम्ही मात्र मळा राखला. माझ्या मालकाचं म्हणणं, कापूस खाता येत नाही. ते बोलणं लोकांना तेव्हा खुळचट वाटायचं.

शाळा गावातल्या कापसाच्या शेठच्या ओसरीत भरायची. व्यापाऱ्यांची, अडत्यांची, कारकुनांची पोरं. मी सख्याला आणि मंजुळेला घेऊन गेले. मंजुळा दहाची. तिचं लग्न लागलेलं होतं, सासर अकोल्याकडे. दोन वर्षांत ती जाणार होती. माझ्या मनात एकच होतं, जाण्याआधी तिला वाचता यावं. माझ्या थोरल्या बहिणीची चिठ्ठी तिच्या सासरहून आली होती, ती आम्ही तीन दिवस हातात घेऊन फिरलो. वाचून मिळाली तोवर बहीण गेली होती. माझ्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

पंतोजींनी पोरांना पायरीवरही चढू दिलं नाही. नाकाला उपरणं लावून म्हणाले, “यांच्या अंगाला शेणखताचा वास येतो. बाकीची मुलं बसायची नाहीत. घरूनच शिकू देत. मी कित्ता देत जाईन.”

आणि मला काय वाटलं? उपकार वाटले. घाण वास येतो म्हणाले ते मी गिळलं आणि त्यांच्या पाया पडले. त्या पाया पडण्याची मला आजही किळस येते.

दर मंगळवारी मी भाजीची टोपली त्यांच्या मागच्या दाराशी ठेवायची. भेंडी, दोडकी, चवळीच्या शेंगा, आंबाडी. सगळ्या गावाला भाजी महाग, पंतोजींच्या घरी फुकट. बदल्यात त्यांनी एका फळीवर ओळ लिहून दिली होती. पोरांनी ती गिरवायची. मी विचारलं, “याचा उच्चार काय, पंतोजी?” ते म्हणाले, “आधी हात बसू दे. तोंडाचं मागाहून.”

आखाजीपासून पोळ्यापर्यंत पोरं तीच ओळ गिरवत होती. चार महिने.

त्या चार महिन्यांत घर कसं चाललं ते माझं मला ठाऊक. शेजारची पोरं निंदायला जात होती, घरी मजुरी आणत होती. माझी दोघं कणगीमागे बसून धुळीत बोट फिरवत होती. पाऊस लागेपर्यंत मालक एकटेच मोट हाकायचे आणि एकटेच वाफ्यांत धावून पाणी फिरवायचे. सख्याचं ते काम होतं. मंजुळेचं दळण मी माझ्या दळणावर घेतलं. पोरं कंटाळायची, एकमेकांच्या उरावर बसायची. मी रागवायची, मग पोटाशी धरायची. शेळीचं दूध विकायचं बंद करून त्यांना दिलं. शिकणाऱ्या पोराला डोळ्यांना तेज लागतं, असं कोणी तरी सांगितलं होतं. सासूबाई कुरकुरायच्या, “रेघोट्यानं पोट भरते काय?” मालक थकून यायचे, पोरांचा हात बघायचे आणि म्हणायचे, “वळणदार होऊन राहिलं हो!” त्या एका बोलण्यावर आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचो.

म्हणून पोळ्याला भिंत चुन्याने पोतली आणि पोरांना म्हटलं, लिहा. आमच्या सात पिढ्यांत पहिलं अक्षर. दारावरून सगळं गाव जाणार होतं. बघू दे गावाला.

गावाने बघितलं.

तरी मला खरं वाटेना. पोरं टवाळी करत असतील, मनाचं वाचत असतील, असं मी स्वतःला समजावत होते. मी रहीमचाचाकडे गेले. शेठच्या वखारीत कापसाच्या गाठींवर काळ्या शाईने खुणा घालायचं काम तो करायचा, कोणाचा माल, कुठे जायचा. त्याला बालबोध अक्षर वाचता यायचं. म्हातारा माझ्यासोबत आला. भिंतीसमोर उभा राहिला. ओठ हलले. मग त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

“चाचा, काय लिवलं हाये?”

“बाई, पोट्ट्यायनं जे वाचलं तेच हाये. मी तुले खोटं नाई सांगनार.”

मंजुळा माझ्या मागे होती. ती म्हणाली, “माय, आमी रोज हेच लिवत होतो?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी शाळा भरली तशी मी फळी घेऊन ओसरीवर चढले. पायरीवर थांबले नाही. पोरं सरकली, काही नाक धरून बसली. मी फळी पंतोजींच्या पुढ्यात आपटली.

“हे वाचा. मोठ्यानं वाचा. पोट्ट्यायले आयकू द्या.”

ते जरा गडबडले. मग हसले. “अगं, कित्ता तो कित्ता. अर्थाकडे बघायचं नसतं. अक्षर सुधारलं की नाही? पुढचा मंगळवारी देतो. टोपली कुठाय?”

टोपली कुठाय. एवढं झाल्यावर त्या माणसाला टोपली आठवली.

“वाचा,” मी पुन्हा म्हटलं.

“बाई, पायरीखाली हो. आणि घरी जाऊन ती भिंत आधी पूस. पुढच्या आठवड्यात शाळा बघायला साहेब येणार आहे. तुझ्याच घराची शोभा होते आहे.”

“तुमच्या घरी आजपासून माह्या मळ्यातलं देठही येनार नाई. अन् भिंत मी पुसत नाई.”

घरी आले तर मालक चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी उभे. एका रात्रीत माणूस खंगला होता. “पुसू दे मले,” ते म्हणाले. “लोकं हासून राहिले. मले मान वर करता येत नाई.”

मी बादलीचा कान धरला. “तुमी पुसलं तं काय होईल? पोरं म्हनतीन, मायबापानं झाकलं. ज्यायनं लिवलं ते वाचतीन अन् मंगच पुसतीन.”

“कवा?”

“वाचता येईन तवा.”

ते बादली उचलून आत गेले. माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

साहेब आला. घोड्यावरून भिंतीसमोर थांबला, कारकुनाला काही विचारलं. शेठचा माणूस चुना घेऊन धावत आला होता, त्याला मी खुरपं दाखवलं. साहेब निघून गेला. त्याने पंतोजींना काही केलं नाही. माझी तशी आशाही नव्हती. मात्र पंतोजींचा निरोप आला की पोरांना ओसरीच्या कोपऱ्यात बसू देतो, भिंत तेवढी पूस. मी निरोप्याला दारातून परत लावलं.

रहीमचाचा काम सुटल्यावर मळ्यात येऊ लागला. अकोल्याहून येणाऱ्या गाडीवानाकडून त्याने एक छापील पुस्तक मागवलं. त्याची एकच शिस्त. आधी अक्षराचं नाव तोंडाने, मग हाताने. अर्थ कळल्याशिवाय पुढची ओळ नाही. मी भाकरी थापता थापता ऐकायची. दसरा गेला, दिवाळी गेली, वेचणी लागली. गाड्या भरून कापूस चालला होता आणि गाडीवान भिंत वाचून हसत पुढे जात होते. सख्या त्या बाजूच्या दाराने बाहेर पडेना. मला त्याचं तोंड बघवत नव्हतं. तरी पुसली नाही.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी मंजुळा भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. बोट ठेवत ठेवत, अडखळत, तिने सगळी ओळ वाचली. एकदा. मग दुसऱ्यांदा, न अडखळता. ती रडली नाही. आत आली आणि म्हणाली, “माय, चुना दे.”

आज ती माहेरी आली आहे. मी बोलते आहे, ती लिहिते आहे. मला अजून अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक ओळ झाली की मी तिला थांबवते. वाच म्हणते. माझी पोरगी असली तरी वाचून घेते. यापुढे माझ्या घरात कोणीही कागद आणो, पंतोजी आणो, शेठ आणो, सरकार आणो, तो आधी त्याच्याच तोंडून मोठ्याने वाचून घेईन. वाचला नाही, तर तो कागद माझ्या चुलीत जाईल आणि आणणारा माझ्या पायरीखाली उतरेल.