शमीमआपाचं ‘आला’

शमीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा गॅसवर मेण विरघळत होतं. फोनवर तिची मुलगी रुखसाना होती, शाळेतली माझीच जुनी विद्यार्थिनी. “बाई, अम्मी गेली,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी गॅस बंद केला आणि तशीच बाहेर पडले... परत आले तेव्हा पातेल्यातलं मेण थिजून पांढरं झालं होतं. दीड महिना होत आला, पातेलं अजून तसंच ओट्यावर आहे.

करोनातून मी उठले तेव्हा बाकी सगळं परत आलं, वास तेवढा आला नाही. फोडणी करपली तरी मला धूर दिसल्यावर कळतं. असल्या बाईने सुगंधी मेणबत्त्या करायला घ्याव्यात हा शुद्ध वेडेपणा. पण हे गेलेले, मुलगा पुण्यात, निवृत्तीनंतर दारव्ह्यातल्या या घरात हात कशात तरी गुंतवायला हवे होते. मेण आणि खसाचं सुगंधी तेल मागवलं. वात मात्र विकत आणली नाही. बोरी अरबला भावाच्या शेतातला कापूस घरात होता आणि वाती वळण्यात आपल्याला तोड नाही असा माझा तोरा होता. देवाच्या वळते तशाच, बोटांना दुधाचा हात लावून मी वाती वळल्या, काचेच्या ग्लासांत मेण ओतलं आणि ओळखीच्या घरी एकेक मेणबत्ती नेऊन दिली. सगळ्यांनी ‘किती छान वास’ म्हटलं. मी हुरळून गेले.

पलीकडच्या गल्लीतली शमीमआपा दुसऱ्याच दिवशी ग्लास घेऊन दारात उभी राहिली. तिच्या नवऱ्याचं अत्तराचं दुकान होतं. त्याच्यामागेही तिने ते बरीच वर्षं चालवलं, त्यामुळे तिच्या नाकापुढे कुणाची मात्रा चालत नसे. “बाई, राग नका मानू,” ती म्हणाली, “खस कमी अन् जळलेलं दूधच जास्त येऊन राह्यलं याच्यात.” मला राग आलाच. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग लक्षात आलं, की एवढ्या घरांत खरं बोललेली ही एकटीच आहे, आणि ज्या बाईला नाकच नाही तिने अशा माणसाला सोडून चालणार नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिच्याकडे गेले.

त्यानंतर आमचं दर शुक्रवारी दुपारचं ठरून गेलं. तिची नमाज आटोपली की ती यायची. दूध बंद झालं, वळलेल्या वाती गेल्या, आणि आम्ही सुताची वेणी घालू लागलो. वास लांब जायचा तर तेल वाढवायचं, असं मला वाटायचं. ती म्हणे, सगळं वातीवर आहे. वात बारीक पडली तर मेण मधल्यामधे विहिरीसारखं खोल जळतं, कडेचं कोरडं राहतं आणि वास ग्लासातच बसून राहतो. जाड झाली तर ज्योत नाचते, काजळी धरते आणि वास पसरायच्या आधी जळून जातो. वितळलेलं मेण चहूकडून काचेला टेकलं पाहिजे, तीच वात त्या ग्लासाची. सुताचा एक पदर वाढव, एक काढ, असं करत आमचे कितीतरी शुक्रवार गेले. पेटलेला ग्लास मधल्या खोलीत, माठाशेजारी. मी स्वयंपाकघरात, म्हणजे माझा चेहरा बघून तिने काही ठरवायला नको. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. वास तिथवर पोचला की ती तिथूनच म्हणायची, “आला.” मी आतून म्हणायची, “बरं.” एवढंच. आठवडाभरात या घरात कुणी मोठ्याने बोललेले ते दोनच शब्द असायचे.

दिवाळीनंतर ती खंगत चालली. नागपूरला दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. शुक्रवार मात्र तिने चुकवला नाही. मधेच पाणी प्यायला माठाशी उठायची, परत जाऊन बसायची, आणि थोड्या वेळाने “आला” म्हणायची.

चाळिसाव्याला तिच्या घरी गेले होते. रुखसानाने कागदात गुंडाळलेल्या तीन वाती माझ्या हातात ठेवल्या, आपानेच वेणी घातलेल्या. मी म्हटलं, आता या चांगल्या की वाईट हे मला कोण सांगणार... तशी ती म्हणाली, “बाई, अम्मीले दिवाळीपासून वासच येत नव्हता. औषधांनं गेलता. तुमाले सांगू नको म्हणे. बाईले समजलं तर त्या मेणबत्त्या बंद करतीन, मंग मी शुक्रवारी कुठं जाऊ, असं म्हणे.”

मला आधी रागच आला, त्या पहिल्या दिवशीसारखा. खरं बोलणारी म्हणून जिला धरून ठेवलं, तिनेही मला फसवलं होतं. घरी येईपर्यंत तिचं ते माठाशी उठणं डोळ्यांसमोर येत राहिलं. तहान कसली, ती मेण काचेला टेकलं का ते बघायला उठत होती. आणि मी वेडी स्वयंपाकघरात बसून, आपल्या घरात शुक्रवारी तरी कुणीतरी येतं, एवढ्यावर खूश होते. वासाचं नाव आम्ही उगीच पुढे केलं होतं.

काल शुक्रवार होता. थिजलेलं पातेलं हलवायचा धीर झाला नाही, म्हणून दुसऱ्या भांड्यात थोडं मेण विरघळवून परवाच तिच्या एका वातीवर ओतून ठेवलं होतं. दुपारी ती मेणबत्ती माठाशेजारी लावली आणि स्वयंपाकघरात न जाता बाहेर तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने पाणी प्यायला उठले. मेण चहूकडून काचेला टेकलं होतं. वात बरोबर होती. परत येऊन बसले आणि आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “आला.”

आतून कुणी ‘बरं’ म्हटलं नाही.