नामाने टाकी भरली तो दिवस

कोपरीतल्या नामाला खाडीवरची माणसं भित्रा म्हणत. चौदाव्या वर्षापासून तो होडीवर गेला, पण होडी पाण्यात लोटण्याआधी फळ्यांमधल्या प्रत्येक फटीवरून बोट फिरवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "होडी हाय ती, नवरी नाय," असं त्याचा भाऊ तानाजी म्हणायचा आणि सगळे हसायचे. पुढे मासळी कमी झाली, होडी विकली. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात त्याने अठरा वर्षं वॉचमनची नोकरी केली. तिथेही लावलेलं कुलूप तो तीनदा ओढून बघायचा.

आता तो बहात्तर वर्षांचा झाला होता आणि त्याची सगळी भीती एका खाटेभोवती गोळा झाली होती. त्या खाटेवर त्याची बायको मनुबाई होती. तिने चाळीस वर्षं बाजारात मासळी विकली. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली. डावा हात आणि जीभ तेवढी शाबूत राहिली. दिवसभर ती समोरची भिंत बघत पडायची. म्हणून वर्षाली, त्यांची मुलगी, हिने मानपाड्याहून जुनी माशांची टाकी पाठवली. तिचे शेजारी घर बदलत होते. तीन फुटांची ती टाकी वर्षभर त्यांच्या बाल्कनीत रिकामी, उन्हात पडून होती. जावई प्रणितने ती खाटेशेजारी टेबलावर ठेवली. टेबलाला खोलीत दुसरी जागाच नव्हती. "रविवारी आम्ही आलो की भरू," असं सांगून तो गेला.

"रविवारला चार दिवस हायत," मनुबाई म्हणाली. "तवर मी रिकामी काच बघू कं?"

नामाने सांध्यांवरून बोट फिरवलं. सांधे कोरडे, कडक लागले. त्याला ते आवडलं नाही. पण दीड वर्षात तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. त्याने टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं, म्हणजे एक थेंब गळला तरी दिसेल, आणि चार बादल्या पाणी आणून तांब्याने ओतायला सुरुवात केली. दोन बोटं पाणी चढलं की थांबायचा, वाकून कागद बघायचा.

"या चालीनं मासं म्हातारं होऊन येतील," ती म्हणाली.

दुपारी टाकी पाऊण भरली, तेव्हा खाटेकडच्या कोपऱ्याखाली कागदावर रुपयाएवढा ओला डाग उमटला. नामाचा हात आपसूक थांबला, तो जुन्या सवयीने. उन्हात वाळलेली होडी पाण्यात घातली की आधी गळतेच. फळ्या पाणी पितात, फुगतात, फटी आपोआप मिटतात. होडीवाला तेवढा वेळ नुसता थांबतो. नामाही थांबला.

डाग तळहाताएवढा झाला.

"नामा," मनुबाई हळू आवाजात म्हणाली, "लाकूड फुगतं. काच फुगते कं रं?"

त्याने वाकून पाहिलं. कोपऱ्यातून आता थेंब नव्हे, बारीक धार येत होती, आणि पुढची काच केसाएवढी सुटलेली दिसत होती. तिच्यामागे चार बादल्या पाणी होतं. पुढे हातभर अंतरावर मनुबाई होती, आणि तिला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. लोखंडी खाट त्याच्या एकट्याच्याने हलणारी नव्हती.

तो टाकी आणि खाट यांच्यामध्ये शिरला आणि सुटलेल्या काचेला खांदा लावला. टाकीबरोबर आलेली पाइप एका हाताने पाण्यात सोडली, तोंडाने ओढली, दुसरं टोक बादलीत टाकलं. ते उसळून बाहेर आलं. पाणी जमिनीवर पसरलं. वाकावं तर खांदा सुटणार.

"इकडं दे," मनुबाई म्हणाली. तिने डाव्या हाताने पाइप पकडली आणि बादलीच्या काठाशी दाबून धरली. बादली भरली की ती पाइप दुमडून मुठीत आवळायची, आणि नामा पायाने दुसरी पुढे सरकवायचा. त्याच्या खांद्याला काचेचा थंडपणा लागत होता, आणि काच थरथरतेय की आपण, हे त्याला कळत नव्हतं.

"घाबरलास?"

"हो."

"मी पन," ती म्हणाली. हे तिने आयुष्यात कधी कबूल केलं नव्हतं.

तीन बादल्या भरल्यावर धार थांबली. तरी टाकी पुरती रिकामी होईपर्यंत नामाने खांदा काढला नाही.

रविवारी प्रणितने टाकी नौपाड्यातल्या शोभेचे मासे विकणाऱ्याकडे नेली. त्याने सगळे सांधे ब्लेडने खरवडून पुन्हा सिलिकॉनने भरून दिले आणि टाकी आठवडाभर दुकानात पाण्याने भरून ठेवली. टाकी परत आली तेव्हा प्रणितने खाट पलीकडच्या भिंतीला सरकवली. पाणी भरलं. दोन दिवस कागद कोरडा राहिला, तेव्हा कुठे सहा लाल मासे आत सोडले.

मनुबाईने त्यांच्याकडे धंद्याच्या नजरेने पाहिलं. "सहांचा मिळून एक वाटा व्हायचा नाय," ती म्हणाली.

नामा टाकी आणि खाट यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसला होता, पाठ काचेकडे करून.

"तुजं डोकं मधी येतं," ती म्हणाली. "सरक."

तो वीतभर सरकला.