मळ्यात राहायला गेलेली पणजी

वऱ्हाड मध्य प्रांताबरोबर होतं, त्या काळातली गोष्ट. उंद्रीच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते. सुगी आटोपल्यावर घराण्याचा भाट आला आणि ओसरीवर बसून त्यानं तोंडपाठ वंशावळ म्हटली. कोण कोणाचा मुलगा, कोणाची बायको कोणत्या गावची लेक, सगळं. आजोबांच्या आईपाशी मात्र नाव न घेताच तो पुढं गेला. मी विचारलं. त्यानं माझ्या वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, त्या बाईचं नाव या घरात घेत नाहीत.

तोवर पणजीचा विचार कधी मनात आला नव्हता. आता तो जाईना.

आजोबांची धाकटी बहीण सुलतानपूरला दिलेली होती. दिवाळीच्या सुट्टीत बैलगाडी करून मी तिच्याकडे गेले. आधी तिनं विषय टाळला. मग मेथी निवडता निवडता स्वतःच बोलायला लागली.

इंग्रजांच्या राणीचं राज्य होतं तेव्हा. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या पणजीनं, महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. सकाळी नामस्मरण झाल्याशिवाय पाणी प्यायची नाही, दुसऱ्या देवापुढं वाकायची नाही. एका वर्षी गावात पटकीची साथ आली. मरीमायला बोकड द्यायचं ठरलं, घरोघरचा वाटा मागितला. पणजीनं दिला नाही. माणसं मरतच राहिली आणि सगळी बोटं तिच्याकडे वळली. पणजोबांनी चारचौघांत सांगितलं, पंथ सोड नाहीतर घर सोड.

"मायनं मले कडेवर घेतलं अन् आपल्याच मळ्यात राहायले गेली," आजी म्हणाली. "कोनाले शिवी नाही, शाप नाही. 'जीव घेऊन जीव कसा मागू?' येवढंच म्हने."

मुलगे घरी राहिले. माझे आजोबा तिच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. वांगी-मिरच्या लावून तिनं लेक वाढवली, आणि गेली तेव्हा पंथाच्या लोकांनी तिला मळ्यातल्या विहिरीच्या खालच्या अंगाला पुरलं. मी नाव विचारलं. आजीनं पदर सारखा करून ते सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. लग्नाआधी देवीला बोकड द्यायचा आणि नवरीनं त्याला कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. मी करंडा खाली ठेवला आणि लावणार नाही म्हणाले.

"तुले हे कोनं शिकवलं?" वडिलांनी विचारलं.

"तुमच्याच आजीनं," मी म्हणाले आणि तिचं नाव घेतलं.

बोकड चुलत्यांनी त्यांच्या अंगणात नेऊन कापला. तो मी वाचवला नाही, पण माझा हातही त्याला लागला नाही. वरपक्षाचा निरोप आला की पोरीनं माफी मागावी. मी मागितली नाही. लग्न मोडलं. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. गावानं जे म्हणायचं ते म्हटलं, आणि मी रोज त्याच गावातून शाळेत गेले.

पणजीसारखा भाव माझ्यात नव्हता, आजही नाही. पंथही मी घेतला नाही. पण तिला घराबाहेर काढणाऱ्यांची बाजू घ्यायला मी तयार नव्हते. गवंड्याकडून दगडावर तिचं नाव कोरून घेतलं आणि विहिरीखाली बसवलं. वडिलांनी तो उखडून मळ्याच्या कडेला धुऱ्यावर टाकला. मी परत बसवला. त्यांनी पुन्हा उखडला, मी पुन्हा बसवला. पुढच्या पेरणीत त्यांची तिफण त्या दगडाला वळसा घालून गेली.