कोणत्या मिलचा तांदूळ

फुलवंताचा हात आधी उठायचा, शब्द मागून यायचा. गोंदियात राईस मिलांमागच्या मोहल्ल्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नळावर कुणी मध्येच घागर घुसवली, की ती भांडत बसायची नाही. घागरीला लाथ घालायची. ती जंगलाकाठची, सडक अर्जुनीच्या पलीकडची. नवरा बिसराम हमालीसाठी शहरात आला, त्याच्यामागून तीही आली. बिसराम मऊ माणूस. तिच्या चार थपडा खाऊन लोकांना हसत सांगायचा, "हिच्या हाताले देवानं ब्रेकच नाई देल्ला गा."

२००३च्या हिवाळ्यात मिलमधल्या मशीनच्या पट्ट्यात बिसरामचा दुपट्टा अडकला. पट्ट्यानं आधी दुपट्टा ओढला, मग मान, मग खांदा. सोबतचे हमाल ओरडत राहिले. मशीन थांबलं ते आतलं धान संपल्यावर. फुलवंता पोचली तेव्हा भिंतीवरचं रक्त अजून ओघळत होतं, आणि तिथून दोन हातांवर त्याच धानाचा पांढराशुभ्र तांदूळ पोत्यांत पडत होता.

तेरवीला मिलच्या सेठनं मुनीमाच्या हाती तांदळाचं एक पोतं पाठवलं. वर त्याच मिलचा शिक्का. फुलवंतानं विळा उचलला. मुनीम भिंतीला चिकटला. विळा पोत्यात शिरला आणि पोट फाडावं तसा वरून खालपर्यंत आला. अर्धा तांदूळ तिनं नालीत लोटला. मग मुनीमाची मान धरून मूठभर त्याच्या तोंडात कोंबला.

"खा. माह्या माणसाचा भात हाय."

त्यानंतर त्या मिलचा दाणा तिच्या चुलीवर चढला नाही. ती बाजारात निघाली की कमरेला परखी असायची. परखी म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार लोखंडी नळी. गोंदियाच्या धान्यबाजारात पोत्यात परखी घातल्याशिवाय तांदूळ घेणाऱ्याला लोक येडा म्हणतात. फुलवंता आधी शिक्का पाहायची, मग परखी खुपसायची, दाणा दाताखाली धरायची आणि विचारायची, "कोणत्या मिलचा?" एक दुकानदार खोटं बोलला, तर त्याचा तराजू तिनं रस्त्यावर भिरकावला. हळूहळू शेजारची वच्छला विचारू लागली, मंदाबाई विचारू लागली. मोहल्ल्यातल्या किराण्यावाल्यांनी त्या मिलचा माल ठेवणंच सोडलं. कुणी लाजेनं, बाकी सारे भीतीनं.

मग काही वर्षांनी शहरात एक मोठं दुकान उघडलं. काचेचं, थंडगार, सामान घ्यायला ढकलगाड्या. फुलवंताचा मुलगा योगराज तिथल्या गोदामात माल उतरवायला लागला. त्याआधी वर्षभर तो रिकामा होता, आणि रिकाम्या योगराजनं दारूच्या गुत्त्यावर दोनदा डोकं फोडून घेतलं होतं. सून अल्का त्याच दुकानातून तांदूळ आणू लागली. गुळगुळीत पाकीट, वर दुकानाचंच नाव.

"कोणत्या मिलचा?" फुलवंतानं विचारलं.

"दुकानाचाच हाय, आत्याबाई."

"दुकान काय धान कांडते?"

"तुमच्या पोरालेच इचारा ना."

योगराज ताटातून वर न पाहता म्हणाला, "मले काय ठाऊक, माय? बंद गाडी येते. खाय ना चूपचाप."

ती जेवली. उन्हाळा सरेपर्यंत जेवत राहिली. पण योगराजनं तेव्हा मान वर केली नव्हती, एवढं तिच्या डोक्यातून जाईना. एका दुपारी तिनं परखी कमरेला खोवली आणि दुकान गाठलं.

तांदळाची पाकिटं छातीएवढी रचलेली होती. तिनं तिथल्या पोरीला विचारलं. पोरीनं पाकीट उलटून दाखवलं. "आंटी, हा आमचाच ब्रँड आहे." मागे कुठल्याशा लांबच्या शहराचा पत्ता होता. मिलचं नाव नव्हतं.

मग फुलवंतानं तेच केलं, जे तिनं आयुष्यभर तांदळापुढे उभं राहून केलं होतं. परखी काढली आणि खुपसली. दाणा चावला. दाण्याला चव होती, नाव नव्हतं. तिनं दुसरं पाकीट भोसकलं, मग तिसरं. तांदूळ फरशीवर सांडू लागला.

"ए अम्मा! चाकू फेंको!" दरवान मुन्नालाल धावत आला.

"चाकू नोहे बे, परखी हाय. तांदूळ पाहून राहिली."

"यहाँ ऐसा नहीं चलता."

"मंग तू सांग. कोणत्या मिलचा?"

मुन्नालालनं तिचं मनगट पिरगाळलं. तिनं झटका दिला. परखी त्याच्या तळव्यातून आरपार गेली. तो किंचाळला आणि पांढऱ्या तांदळावर रक्ताची धार पडली. फुलवंता त्या तांदळाकडे बघतच राहिली. तेवढ्यात आणखी दोघा दरवानांनी तिला पाडलं. पाठीवर गुडघा आला, गाल फरशीवरच्या दाण्यांत रुतला, ओठ फाटला.

गोदामातून योगराज धावत आला. मॅनेजरनं विचारलं, "जानते हो इसको?"

योगराजनं मान वर केली नाही.

गुडघ्याखालून फुलवंता म्हणाली, "योगराज, कोणत्या मिलचा हाय?"

तो वाकून सांडलेले दाणे ओंजळीत भरू लागला.

"मुका झाला का बे?"

"त्याच मिलचा, माय." त्याचा आवाज चिरकला. "पोते मीच उतरवतो. तोच शिक्का. मागं गोदामात पाकिटं भरतेत."

"तुले कवापासून ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन मले चारत राहिला."

"नोकरी जाईन म्हनून..."

पाठीवरचा गुडघा क्षणभर सैल झाला. ती उठली आणि तिनं त्याच्या कानशिलात हाणली. अशी, की त्याच्या कानातून रक्त आलं. तो मागे सरकला नाही. मग तो वळला, पाकिटांच्या थप्पीला त्यानं खांदा लावला आणि सगळी थप्पी खाली लोटली.

"त्या मिलमंदी माहा बाप मेला!" तो गिऱ्हाइकांकडे बघून ओरडला. "मशीन बंद नाई केली त्यायनं! तोच तांदूळ हाय हा!"

मग ते दरवान त्याच्यावर तुटून पडले. लाथा पोटात, जबड्यावर. फुलवंतानं एकाच्या दंडाचा लचका तोडला आणि मुलाच्या अंगावर आडवी पडली. राहिलेल्या लाथा तिच्या पाठीनं घेतल्या. एका बाईनं आपल्या ढकलगाडीतलं पाकीट काढून परत ठेवलं. एकानं सांडलेल्या तांदळाला वळसा घालून गाडी पुढे नेली.

ठाण्यात पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन मुन्नालाल समोर बसला होता. त्यानं हळूच विचारलं, "कौन सी मिल, अम्मा?" तिनं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली. तक्रार मात्र त्यानं दिली.

जामिनावर सुटून दोघं पायीच निघाले.

"नोकरी गेली," योगराज म्हणाला.

"गेली."

"दुसऱ्या दुकानात तरी कोणाचा तांदूळ हाय, कोण सांगन?"

"इचारू."

"इचारलं त मारतेत, माय."

"त आपुन का हात बांधून राहू?"

घरी अल्कानं उरलेलं पाकीट भीत भीत बाहेर आणलं. "आत्याबाई, हे गाईले घालू?"

"कायले? गाईनं कोणाचं काय बिघडवलं?"

योगराजनं परसात कुदळीनं खड्डा केला आणि पाकीट त्यात रितं केलं. संध्याकाळी चुलीवर नुसती लाखोळीची डाळ शिजली. त्याचा जबडा उघडत नव्हता. फुलवंतानं डाळ पातळ केली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी त्याच्या ओठाला लावली.