मंजुषाची सावड

मंजुषाला कुणी विचारलं, "तुम्ही नक्की करता काय?" तर ती आधी समोरच्याला खुर्ची द्यायची. उत्तर उभ्याउभ्या संपणारं नसायचं. वाशीच्या एका कॉलेजात ती तासांवर जनसंज्ञापन शिकवायची. पण जनसंज्ञापन हा शब्द ऐकला की निम्म्या लोकांचं घोडं तिथंच अडायचं. मग ती सांगायची, "पेपर, रेडिओ, टीव्ही. लोक त्यांचं काय करतात, आणि ते लोकांचं काय करतात, ते बघायचं."

"म्हणजे टीव्हीवर बातम्या देता?"

"अहो नाही! बातम्या बघणाऱ्यांना बघतो!"

एवढं झाल्यावर माणूस चहा संपवून गपचूप उठायचा. मंजुषाला त्याचं काही वाटायचं नाही. भैरू माथाड्याची पोर ती. बापाने तुर्भ्याच्या बाजारात कांद्याच्या गोणी पाठीवर वाहिल्या आणि पोरीला एम.ए. केली. ताठ मान तिला घरातूनच मिळाली होती, आणि तोंड तर आईकडून, वेणूबाईकडून, जसंच्या तसं.

या मंजुषाची एकदा चांगलीच जिरली होती. एम.फिल.च्या तोंडी परीक्षेत एका प्राध्यापकांनी साधाच प्रश्न विचारला, आणि हिला उत्तर सुचेना. पास झाली कशीबशी, पण बाहेर येऊन कँटीनमध्ये बसली ती धुमसतच. राग प्राध्यापकांवर नव्हता. हा प्रश्न आपल्याला आधी एकाही माणसाने विचारला नाही, याचा राग होता. विचारणार कोण? नव्या पोरांना वाली नसतो. गाइडला वेळ नाही, घरच्यांना विषय कळत नाही, आणि बरोबरचे आपापल्या वहीत नाक खुपसून बसलेले.

तिच्या बापाच्या गावी, तिकडे जावळी तालुक्यात, भात कापायला एकटं कुणी उतरत नाही. आज सगळे मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्याला सावड म्हणतात. मंजुषा म्हणाली, हेच करायचं! आणि चौऱ्याण्णव साली तिने सुरू केलं ते मंडळ. कागदावर नाव भलंमोठं होतं, 'नवसंशोधक साहाय्य मंडळ', पण सगळे म्हणायचे सावडच. दर रविवारी सकाळी वाशीतल्या एका शिकवणीवर्गाची खोली फुकटात मिळायची. जमणारी पोरं सगळी पेपर-रेडिओ-टीव्हीवर संशोधन करणारी, सगळी नवखी. एकमेकांचं लिखाण वाचायचं, खोटी परीक्षा घेऊन एकमेकांना रडकुंडीला आणायचं, आणि कुणाला घरोघर फिरून मुलाखती घ्यायच्या असल्या की सगळ्यांनी मिळून त्याची घरं उरकायची. एकट्याला वर्ष लागलं असतं ते सावडीने महिन्यात व्हायचं. फी नाही, मानधन नाही. रबाळ्याच्या एका कारखान्याचं मासिक काढणारा इंद्रजित तर रविवारची झोप सोडून यायचा, म्हणजे बघा.

आणि एक नियम होता, मंजुषाचा स्वतःचा. विद्यापीठापुढे उभं राहण्याआधी प्रत्येकाची रंगीत तालीम व्हायची, आणि तालमीला पुढच्या खुर्च्यांवर ती माणसं बसायची ज्यांच्यावर संशोधन केलंय. "ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांच्या तोंडावर बोलता आलं पाहिजे," ती म्हणायची. इतर प्राध्यापकांना हा नियम खुळेपणाचा वाटायचा. वाटू दे की! मंजुषा कुणाच्या वाटण्यावर चालणारी बाई नव्हती.

सत्त्याण्णव साली तालीम होती समराची. समराचे अब्बा अहमद मूळ उरणचे, वाशीत त्यांचं इमारती लाकडाचं दुकान. पोरगी हुशार, कामाला वाघ, फक्त लवकर घाबरायची. तिचा विषय होता, बाजारात हमाली करणाऱ्यांच्या घरी केबल आली, तर त्या घरातल्या बायका टीव्हीवर काय बघतात. सावडीतल्या सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी कोपरखैरण्याच्या माथाडी चाळी पालथ्या घातल्या होत्या. मंजुषाने तर स्वतःच्या आईचंच घर उरकलं होतं. निष्कर्ष असा काही निघाला की समराचे गाइड खुर्चीतून उठले. या बायका सगळ्यात जास्त काय बघतात, तर बातम्या! मालिका नाही, सिनेमा नाही, बातम्या!

मंगळवारी विद्यापीठात समितीपुढे हे मांडायचं होतं. समराची मुदत आधीच एकदा वाढवून झाली होती. या वेळी समितीने मान डोलावली तर नोंदणी पक्की, नाहीतर नोंदणी रद्द. वर्षाचं काम पाण्यात आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज. समराला त्या आठवड्यात अन्न गोड लागत नव्हतं.

रविवारी तालमीला चाळीतल्या बायका रिक्षांतून आल्या. पुढे वेणूबाई, शेजारी तिची सख्खी शेजारीण गिरजाबाई. समरा उभी राहिली, घसा खाकरला, आणि छान बोलायला लागली. मंजुषा मागच्या भिंतीला टेकून ऐकत होती. मनात म्हणत होती, पोरगी मंगळवारी मैदान मारणार.

"तर मावशी, तुमच्या घरांत सगळ्यात जास्त बघितल्या जातात त्या बातम्या," समरा म्हणाली.

गिरजाबाईने वेणूबाईला कोपर मारलं. वेणूबाईने पदर तोंडाला लावला. आणि मग ती सगळी रांगच्या रांग अशी खदखदली की समराच्या हातातले कागद खाली पडले.

"यात हसण्यासारखं काय आहे?" इंद्रजित जरा रागानेच म्हणाला.

"आवं दादा," गिरजाबाई डोळे पुसत म्हणाली, "शिकलेली पोरगी दारात आली. खांद्याला पिशवी, हातात कागद. तिच्याम्होरं काय सासवा-सुनांची भांडनं लावून बसायचं? बातम्या लावल्या."

"सगळ्यांनी?"

"मंग? पावन्याला फुटक्या कपात च्या देतो व्हय आमी?"

"पण आम्ही तोंडाने विचारलं होतं, रोज काय बघता म्हणून!"

"तवा बी बातम्याच सांगितल्या. समोर लावल्यात बातम्या आनि तोंडानं सांगायचं दुसरं, ते बरं दिसतं व्हय?"

आता मंजुषा भिंत सोडून पुढे आली. हार मानणं तिच्या रक्तात नव्हतं. "एक मिनिट. तुमचं मान्य. पण आमच्या आईकडे तर मी गेले होते. मी काय पाहुणी? आणि आईला बातम्यांचं वेडच आहे, मला माहीत आहे ना! दर शनिवारी मी घरी जाते तेव्हा बातम्याच चालू असतात."

वेणूबाई हसायची थांबली. पदराशी चाळा करत म्हणाली, "तू येतीस म्हनून लावतो गं."

"म्हणजे?"

"तुझी रिक्षा वळली की गिरजी भिंतीवर थाप मारती. मास्तरीन आली, बदल म्हनती. मंग मी बदलते." आणि लेकीचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाली, "तू एवडी शिकलेली. तुला काय वाटंल, आई हे असलं बघत बसती."

बायका पुन्हा हसल्या. मंजुषाही हसली, पण ते हसू घशाखाली उतरलं नाही. लग्न होऊन वाशीला गेल्यापासून दर शनिवारी ती माहेरी जात होती. चांगल्या कपात चहा मिळत होता, चटईऐवजी खुर्ची मिळत होती, आणि हिला वाटत होतं, आई आता सुधारली. तिला फार वाईट वाटलं, आणि थोडी लाजही.

बायका गेल्या तशी खोलीत जुंपली.

"हे बघ समरा," इंद्रजित म्हणाला, "मंगळवारी समितीत चाळीतलं कुणी बसणार नाही. आहे ते मांडून टाक. नोंदणी तर पक्की होऊ दे, मग सावकाश दुरुस्त करू. उगाच टेन्शन घेऊ नकोस."

समरा कागदांकडे बघत बसली होती. "एवढी घरं, मंजुताई. सगळं पाण्यात?"

मंजुषाने खुर्ची ओढली आणि समोर बसली. चूक कुठं झाली ते एव्हाना तिला स्वच्छ दिसत होतं. "चूक सावडीची आहे," ती म्हणाली. "भात कापायला कुणाचेही हात चालतात. पण घरात एकच माणूस चारदा गेला तरच तो पाहुणा राहत नाही. आपण काय केलं? प्रत्येक घरात नवा चेहरा, तोही एकदाच. सगळे पाहुणे! ही शक्कल माझी. सावड मी माझ्या नावावर मिरवली, मग चूकही माझ्याच नावावर. समितीला हवं तर तसं लिहून देते."

"म्हणजे मी खरं सांगायचं?"

"माझं मत विचारशील तर हो. पण उभी तू राहणार आहेस, ठरव तू."

समरा एकदम भडकली. लवकर घाबरणारी माणसं भडकतातही तशीच. "तुमचं काय जातंय, ताई! तुमचं एम.फिल. झालं, तुमची नोकरी आहे. नोंदणी माझी जाणार!" आणि पिशवी उचलून तडक निघून गेली.

मंजुषाने तिला अडवलं नाही. पोरगी खोटं बोलत नव्हती.

सोमवारी दुपारी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. "ताई, मी खरं सांगणार आहे. पण ते लोक मला फाडून खातील. आज संध्याकाळी सगळ्यांना बोलवा ना. मला आधी तुम्हीच फाडा."

मंजुषाने फोन खाली ठेवला आणि ऑफिसातल्या क्लार्ककडे बघून अशी हसली की त्याला वाटलं, बाईंची पर्मनंट ऑर्डर आली. संध्याकाळी सावड जमली. एरवी रविवारशिवाय न दिसणारी पोरंही आली. सगळ्यांनी समराला असं काही धारेवर धरलं की बस. सगळ्यात वाकडे प्रश्न इंद्रजितने विचारले, आणि त्यातल्या एकाला समराने असं उत्तर दिलं की त्यानेच टाळी दिली.

मंगळवारी मंजुषा बरोबर गेली. आत सोडणार नव्हतेच. ती बाहेर बाकावर बसली आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत राहिली. वर्गात पन्नास पोरांना धाकात ठेवणारी बाई, त्या दिवशी पदराचं टोक चावत होती.

आत काय झालं ते समराने नंतर शंभरदा सांगितलं. तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, की माझा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो कसा चुकला ते सांगायला मी आले आहे. समितीचे अध्यक्ष चष्म्यावरून बघायला लागले. "मग वर्षभर केलंत काय?"

"सर, वर्षभर आम्ही पाहुणचार घेतला. आता मला कामाला लागायचंय."

"कशावरून पुढच्या वेळी त्या खरं सांगतील?"

"पुढची वेळ अशी नसेलच, सर. मी रोज जाणार. माझ्यासाठी बातम्या लावायचा त्यांना कंटाळा येईपर्यंत."

समितीतल्या बाई मोठ्याने हसल्या, आणि तिथं वारं फिरलं. समरा बाहेर आली ती धावतच. नोंदणी राहिली! सहा महिने दिले होते. आधीची सगळी माहिती बाद, सगळी घरं पुन्हा, आणि ती एकटीने. मंजुषाने तिला तिथंच मिठी मारली. शिपाई बघत राहिला.

पण समराने परतताना एक अट घातली. "ताई, रागावू नका. काम संपेपर्यंत तुम्ही शनिवारी माहेरी जायचं नाही."

"का गं?"

"तुमची रिक्षा वळली की अख्ख्या गल्लीचं चॅनेल बदलतं."

स्वतःच्या माहेरी मंजुषाला बंदी झाली, आणि घालणारी कोण, तर कालची पोर! मंजुषाने ती निमूट पाळली. सणावाराला वेणूबाईच वाशीला यायची आणि लेकीकडे बसून समराचंच कौतुक सांगायची. पोरगी चटईवर बसते, मेथी निवडून देते, मालिकेतल्या सासूला शिव्या घालते. मंजुषा ऐकायची आणि हसायची, पण खरं सांगायचं तर आतून जळायची. आपल्या आईने आपल्यासमोर कुणाला शिव्या घातल्याला किती वर्षं झाली?

सहा महिने सरले. समराने समितीपुढे नवं काम ठेवलं, ते पास झालं, आणि त्याच संध्याकाळी ती आनंदाची बातमी द्यायला चाळीत गेली. आता बंदी उठली म्हणून मंजुषाही मागून निघाली. गल्लीत रिक्षा वळली. भिंतीवर कुणीही थाप मारली नाही. दार उघडंच होतं. आत चटईवर वेणूबाई, गिरजाबाई आणि मध्ये समरा, तिघींचे डोळे टीव्हीला चिकटलेले. पडद्यावर कुणाचं तरी लग्न मोडत होतं आणि वेणूबाई नवरदेवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

मंजुषा उंबऱ्यात उभी राहिली. वेणूबाईने मान वळवली, लेकीला बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं.

"आलीस व्हय? दार लाव, आवाज येत न्हाई. आनि दोन भाकरी टाक, मला हितनं उठवत न्हाई."

मंजुषाने दार लावलं, पर्स कोपऱ्यात टाकली आणि पिठाचा डबा कुठे असतो ते न विचारता आत गेली.